पेत्र नेमकं काय बोलला?

एका भगिनीचं पत्र आलं आहे. लांब आहे, म्हणून मुद्द्यापुरतं देते:

"मी विश्वासी कुटुंबातली, दोन मुलांची आई. चार वर्षांपासून एक कादंबरी लिहिते आहे. तिच्यातला बाप दारू पिऊन घरी येतो, बायकोला मारतो आणि मारताना शिव्या देतो. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या भावांनी हस्तलिखित वाचायला मागितलं. परत दिलं तेव्हा तिसऱ्या प्रकरणात लाल पेनाने बत्तीस गोल केलेले होते आणि शेवटी 'इफिस 4:29' एवढंच लिहिलेलं. माझे पती म्हणतात, काढून टाक, उगाच वाद कशाला. लिहिणारी एक मैत्रीण म्हणते, शिव्या काढल्यास तर तुझा तो बाप संडेस्कूलचा मास्तर वाटेल. आणि माझा चौदा वर्षांचा मुलगा विचारतो, 'आई, तू लिहिलंस तर चालतं, मग मी बोललो तर का चालत नाही?' मला उत्तर सुचलं नाही. मी काय करू? आणि मुळात असलं साहित्य आपण वाचावं तरी का?"

प्रिय ताई,

सलाम. पत्र वाचताना त्या बत्तीस गोलांपाशी मला हसू आलं. भावांची चेष्टा करत नाही. हस्तलिखित मागून नेणारे पुष्कळ असतात, ते शेवटपर्यंत वाचणारे किती, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. आणि हे गृहस्थ तर मोजत वाचत होते. त्यांनी शेवटी जे वचन लिहिलं तिथूनच सुरुवात करू. आपल्यात हा विषय निघाला की तेच वचन आधी पुढे येतं आणि बहुतेकदा बोलणंही तिथेच थांबतं.

नव्या करारातल्या इफिसकरांस पत्रात, इफिस 4:29 मध्ये, प्रेषित पौल म्हणतो, तुमच्या मुखातून कुजकं भाषण निघू नये. 'कुजकं' हा शब्द अगदी नेमका आहे. मूळ ग्रीक शब्द 'साप्रोस'. मत्तय 13:48 मध्ये जाळं किनाऱ्यावर ओढल्यावर कोळी जे वाईट मासे फेकून देतात, त्यांनाही हाच शब्द वापरलाय. म्हणजे पौलाच्या हातात निषिद्ध शब्दांची यादी नाही, त्याला वास येतोय. पुढे लगेच तो कसोटीही सांगतो: ऐकणाऱ्याच्या गरजेला ते बोलणं पुरतं का, त्याने त्याची उन्नती होते का? या कसोटीला एकही शिवी नसलेली किती तरी वाक्यं उतरत नाहीत. 'प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं' अशी सुरुवात करून गोड आवाजात केलेली कुजबुज, याहून नासकी मासळी मी तरी पाहिलेली नाही. असो, तो वेगळ्या पत्राचा विषय.

मात्र एवढ्यावर 'म्हणजे शिव्यांना हरकत नाही' असं म्हणून सुटू नका. पुढच्याच अध्यायात, इफिस 5:4 मध्ये, तोच पौल अमंगळ बोलणं आणि टवाळी नको म्हणतो. कलस्सै 3:8 मध्ये शिवीगाळ टाकून द्या म्हणतो. विश्वासी माणसाने स्वतः कसं बोलावं याबद्दल शास्त्र आडवळणाने बोलत नाही, आणि तिथे वाटाघाट करण्यासारखं मला काही दिसत नाही. अडतं ते पुढे. तुमच्या कादंबरीतला बाप बोलतो, तेव्हा बोलतं कोण? तो, की तुम्ही?

या बाबतीत मी उपदेशांपेक्षा शास्त्र लिहिणाऱ्यांकडूनच जास्त शिकले. त्यांच्यापुढेही वाईट बोलणारी माणसं होतीच, आणि त्यांना ती लिहायची होती.

1 शमुवेल 20:30 काढा. दावीदाची बाजू घेतली म्हणून राजा शौल आपल्या मुलावर, योनाथानावर, भडकला आहे. भर पंक्तीत तो त्याला आईवरून बोलतो: वाकड्या, बंडखोर बाईच्या पोरा, तू आपल्या आईच्या नग्नतेला लाज आणलीस. भाषांतर कितीही सौम्य घ्या, ही आईवरची शिवी आहे, आणि लेखकाने ती जशीच्या तशी लिहिली आहे. 'शौल त्याला नाही नाही ते बोलला' एवढ्याने भागलं नसतं का? मला वाटतं, नसतं. योनाथानाची आई म्हणजे शौलाची स्वतःची बायको. पोराला लागावं म्हणून राजा सगळ्यांसमोर आपल्याच बायकोची अब्रू काढतो. तिसऱ्या ओळीला तो पोरावर भालाही उगारतो, पण ते घर त्याआधीच मोडलेलं असतं. शिवी गाळून ही गोष्ट पुन्हा वाचा. भाला नुसता तापटपणाचा वाटतो.

आता मत्तय 26. महायाजकाच्या वाड्याचं अंगण, रात्र. येशूला पकडून आत नेलंय आणि त्याचा शिष्य पेत्र बाहेर आहे. तिथे उभे असलेले पेत्राला म्हणतात, तूही त्यांच्यातलाच, तुझ्या बोलीवरूनच कळतंय. मग तो शाप उच्चारू लागतो, शपथा वाहू लागतो. कसले शाप? कुणाच्या शपथा? एक अक्षर नाही. गालीलातला कोळी, जिवाच्या भीतीने बोलतोय, त्यात बोलीवरून पकडला गेलाय. काय काय बोलला असेल! लेखकाने ठेवलंय ते एकच वाक्य: त्या माणसाला मी ओळखत नाही. आणि कोंबडा आरवतो. (शाप म्हणजे इथे बहुधा 'खोटं बोलत असेन तर माझं वाटोळं होवो' या थाटाचा. 'भ'ची बाराखडी त्याच्या तोंडी घालायला मी तयार नाही.) ते शाप लिहिले असते तर आपलं लक्ष तिकडे गेलं असतं, आणि त्या साध्या, स्वच्छ वाक्यात केवढा विश्वासघात आहे ते निसटलं असतं.

या दोन जागा मी वर्षानुवर्षं शेजारी ठेवत आले आहे. शौल काय बोलला, हे कळल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही. पेत्र शपथ वाहून बोलला, एवढं कळलं की पुरतं. तुमच्या एकेका लाल गोलापाशी थांबून हेच विचारा: इथे नेमके शब्द हवेत, की तो शिव्या देत सुटला हे कळलं तरी चालेल? माझा अंदाज आहे की बत्तीसमधल्या बऱ्याचशा दुसऱ्या प्रकारच्या निघतील. त्या भावांसाठी काढू नका. पहिल्या पानावर अंगावर काटा आणणारी शिवी चौथ्या पानावर स्वल्पविरामासारखी होते, म्हणून काढा.

पण काढून टाकणं आणि धुऊन काढणं यांत फरक आहे. मी बरीच वर्षं दुसऱ्यांची हस्तलिखितं तपासली. सुरुवातीच्या सोवळेपणात एका कथेतल्या गुंडाच्या तोंडच्या साऱ्या शिव्या मी खोडल्या आणि त्या जागी 'नालायका', 'मूर्खा', 'दुष्टा' असं लिहून मोकळी झाले. कथा छापून आल्यावर लेखकाचा एका ओळीचा निरोप आला: "आमचा गुंड हल्ली संगीत नाटकात असतो का?" लाज वाटली ती वेगळीच, पण खरी गंमत मला पुढे कधी तरी मत्तय 5:22 वाचताना कळली. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूने ज्या शब्दाचं नाव घेऊन अग्निनरकाची भीती घातली, तो शब्द 'मूर्खा' आहे! मी शिवी पुसून तिच्या जागी नेमकी तीच घातली होती. प्रभूचा रोख त्या शब्दाच्या पोटातल्या तुच्छतेवर आहे. तुच्छता शुद्ध भाषेतही छान जमते, किंबहुना शुद्ध भाषेत जास्त जमते.

फुल्यांचंही तेच. 'भ' लिहून पुढे तीन फुल्या टाकणं म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं. वाचणाऱ्याच्या मनात तो शब्द पूर्ण उमटतोच; लिहिणाऱ्याने फक्त आपला हात झटकलेला असतो. शब्द हवा असेल तर लिहा, नको असेल तर वाक्य वेगळं बांधा.

शिवी म्हणजे एकच गोष्ट नव्हे, हेही या निमित्ताने पाहायला हवं. पाश्चात्त्य ख्रिस्ती लोकांत या विषयावर जो खल झाला, त्याचा मोठा भाग देवाच्या नावाभोवती फिरतो, कारण त्यांच्या भाषांत तेच नाव शिवीसारखं तोंडातून निघतं. 1606 मध्ये इंग्लंडच्या संसदेने कायदाच केला: नाटकात देवाचं, ख्रिस्ताचं, पवित्र आत्म्याचं किंवा त्रैक्याचं नाव थट्टेने वा बेपर्वाईने घेतलं, तर दर वेळी 10 पौंड दंड. त्यातला अर्धा राजाला आणि अर्धा फिर्याद करणाऱ्याला, म्हणजे कान देऊन ऐकणारे किती तयार झाले असतील बघा. 1623 मध्ये शेक्सपिअरची नाटकं एकत्र छापली गेली, तेव्हा त्यांत जागोजागी 'देव' जाऊन 'स्वर्ग' आला होता आणि काही ठिकाणी 'जोव्ह'. जोव्ह म्हणजे रोमन लोकांचा देव. देवाचं नाव व्यर्थ न घेण्याची तिसरी आज्ञा पाळण्यासाठी ख्रिस्ती कायद्याने नटांच्या तोंडी मूर्तिपूजकांचा देव घातला! मोजणीने हा प्रश्न सोडवायला गेलं की असं काही तरी होतं.

आपल्या मराठीत शिवी देवाकडे फारशी जात नाही, ती आई-बहिणीकडे जाते. म्हणून मला आपल्या शिव्यांच्या संदर्भात तिसऱ्या आज्ञेआधी पाचवी आठवते, आई-बापाचा मान राखण्याची. आणि याकोब 3:9 आठवतं: याच जिभेने आपण पित्याला धन्यवाद देतो आणि याच जिभेने देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसाला शाप देतो. त्यातही काही शिव्या झिजून गुळगुळीत होतात. 'च्यायला'च्या मागे एक आई उभी होती, हे आता म्हणणाऱ्यालाही आठवत नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही. कादंबरीतला एखादा मित्र सायकलची साखळी निसटल्यावर 'च्यायला' म्हणाला असेल आणि त्यावरही लाल गोल असेल, तर तो गोल मी मनावर घेणार नाही.

तुमचा तो बाप मात्र बायकोला मारताना तिच्या आईवरून बोलतो, तेव्हा त्यात झिजलेलं काहीच नाही. तिथे तो शौल आहे. हात तिच्या अंगावर आणि शब्द तिच्या आईच्या अंगावर. आणि कोपऱ्यात मुलं असतील तर ती आपल्या आजीबद्दल ऐकतायत. अशा दोन-तीन जागा असतील त्या ठेवा. त्या पुसल्या तर त्याचं पाप तुम्ही कमी करून सांगितल्यासारखं होईल, आणि त्यात फायदा त्याचाच.

आता जरा उलटा प्रश्न. तुमच्या हस्तलिखितात चांगली माणसं 'देवाशपथ' आणि 'अरे देवा' किती वेळा म्हणतात? तिथे लाल गोल आहेत का? निर्गम 20:7 मधली आज्ञा देवाचं नाव व्यर्थ घेण्याबद्दल आहे, आणि व्यर्थ म्हणजे पोकळ. संवादात जागा भरायला टाकलेलं देवाचं नाव मला दारुड्याच्या शिवीपेक्षा जास्त खुपतं. ईयोबाच्या पुस्तकात त्याची बायको म्हणते, देवाला शाप दे आणि मर. मूळ इब्री मजकुरात तिथे 'शाप'साठी शब्द आहे तो 'आशीर्वाद'. ती दोन अक्षरं देवाच्या नावाशेजारी ठेवायला हात धजावला नसावा, आणि वाचणाऱ्याला अर्थ तर बरोबर कळतो. त्याच पुस्तकात पुढचा अख्खा अध्याय ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, तो मात्र पुरता लिहिलेला आहे. लाज कुठे बाळगायची आणि कुठे नाही, हे त्या लेखकाला पक्कं ठाऊक होतं.

एक सोय आपल्याला यहुदी लेखनिकांनी करून ठेवली आहे, ती तुमच्या कामाची. 2 राजे 18:27 मध्ये अश्शूरचा सरदार रबशाके यरुशलेमेच्या तटावरच्या लोकांना ऐकू जाईल असा ओरडतो की तुम्हाला आपलीच विष्ठा खावी लागेल, आपलंच मूत्र प्यावं लागेल. मूळ शब्द रांगडे आहेत. मजकूर जपणाऱ्यांनी ते बदलले नाहीत; पण मोठ्याने वाचताना म्हणायचे सौम्य शब्द समासात नोंदवले. रऊबेनाने बापाच्या उपपत्नीशी केलेल्या कृत्याबद्दल (उत्पत्ती 35:22) मिश्ना या जुन्या यहुदी नियमसंग्रहाचा नियम आहे की ते सभेत वाचावं, पण त्याचं भाषांतर करू नये. एकट्याने वाचायचं पान आणि चारचौघांत उच्चारायचा शब्द, या दोन्हींची मोजपट्टी एक नसते. तेव्हा मंडळीच्या कार्यक्रमात कुणी तुम्हाला कादंबरीतला उतारा वाचायला सांगितला, तर तिसरं प्रकरण काढू नका. त्याला ढोंग म्हणत नाहीत. तिथे बसलेल्या सात वर्षांच्या मुलीने ते ऐकायचं ठरवलेलं नसतं; पुस्तक उघडणाऱ्याने ठरवलेलं असतं.

इथवर शिव्यांबद्दल लिहिलं, पण खरं सांगू? आक्षेपार्ह म्हणून जे काही असतं त्यातलं हे सर्वात हलकं. शिवी पानावर येते ती अवतरणचिन्हांत येते. वाचणाऱ्याला ठाऊक असतं की हा माणूस असा आहे. वासना चाळवणारं वर्णन अवतरणचिन्हांत ठेवता येत नाही. ते वाचणाऱ्याच्या अंगात थेट शिरतं आणि तिथे जे व्हायचं ते होतं. पात्राचं नव्हे, वाचकाचं. चवीचवीने लिहिलेल्या मारहाणीचं तेच. ऑगस्टीनने चौथ्या शतकाच्या अखेरीस आपल्या तरुणपणीच्या नाटकवेडाबद्दल लिहिताना विचारलं, जे दुःख स्वतःला नको ते रंगमंचावर पाहायला माणसाला का आवडतं? आणि त्याने एक बारीक गोष्ट पकडली: प्रेक्षकाला मदतीला धावायचं नसतं, फक्त हळहळायचं असतं, आणि त्या हळहळण्याचीच गोडी लागते. तुमच्या तिसऱ्या प्रकरणातली मारहाण किती पानं चालते? हा प्रश्न बत्तीस शिव्यांहून मोठा आहे, आणि तो तुम्हाला कुणी विचारलेला दिसत नाही.

'बायबलमध्येही सगळं आहेच की' असं म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. आहेच. शास्ते 19 मधली सामूहिक बळजबरी आहे, यहेज्केल 23 मधलं दोन व्यभिचारी बहिणींचं रूपक आहे, आणि यहेज्केलाची भाषा तर बहुतेक पाळक व्यासपीठावरून वाचणार नाहीत. पण संदेष्टा ती वापरतो आपल्याच लोकांना, त्यांच्याच पापाची किळस यावी म्हणून. शेजाऱ्याच्या पापाचं मिटक्या मारत वर्णन करण्यासाठी तो अध्याय कुणाला दाखला म्हणून देता येणार नाही. आहे म्हणजे कसं आहे, ते पाहायला हवं.

2 शमुवेल 13 बघा. अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारेवर, बळजबरी करतो. त्याआधी ती काय बोलते ते दोन पूर्ण वचनांत आहे. नको रे भावा. इस्राएलात असं करत नाहीत. मी माझी लाज कुठे घेऊन जाऊ. तुझीही गणना नीच माणसांत होईल. घाबरलेली असूनही ती मुद्देसूद बोलते. मग कृत्य: एका वचनात, मोजक्या शब्दांत, एकही तपशील नाही. आणि त्यानंतर लेखक अम्नोनाला जवळजवळ सोडून देतो. डोक्यात राख, फाडलेला पायघोळ झगा, डोक्यावर हात, रडत चाललेली ती, आणि भावाच्या घरी उद्ध्वस्त होऊन राहिलेली. आपण सगळा वेळ तिच्याकडे पाहतो. या अध्यायात शिवी नाही. नोकराला बोलावून अम्नोन म्हणतो, हिला माझ्यासमोरून बाहेर घाल. इब्रीत बहीणही नाही, बाईही नाही, नुसतं 'हिला'. याहून घाण शब्द मला त्या प्रकरणात सुचत नाही.

आता ते वडीलधारे भाऊ. रोम 14 आणि 1 करिंथ 8 घेऊन त्यांना 'दुर्बल विवेकाचे' ठरवायचा मोह होईल, मला स्वतःला झाला. पण त्या अध्यायांची गंमत ही की ते वाचताना प्रत्येकजण स्वतःला सबळ आणि समोरच्याला दुर्बल समजतो, आणि पौलाला नेमकं तेच मोडायचं आहे. त्यांना एकदा घरी बोलवा आणि विचारा, कुठल्या गोलापाशी सर्वात जास्त त्रास झाला? कदाचित ते शिष्टाचाराचंच बोलतील. कदाचित असं निघेल की लहानपणी त्यांनी अशाच घरात तेच शब्द ऐकलेत, आणि पुन्हा ते कानांवर पडणं त्यांना सोसत नाही. तसं असेल तर त्यांच्याशी शास्त्रवचनांचा वाद घालू नका. पुस्तक त्यांच्या हाती देऊ नका, एवढंच; ते लिहू नका, असा त्याचा अर्थ होत नाही. पौल मूर्तींना वाहिलेलं मांस सोडायला तयार होता ते भावाला अडखळण होत असेल तिथे. जगातलं मांस संपवायला तो निघाला नव्हता. तुमच्या पतींच्या 'वाद कशाला'वर मात्र मी फार वेळ घालवणार नाही. ते तुमच्या काळजीने बोलतायत, आणि छापलेलं पुस्तक हातात पडलं की बहुधा तेच सगळ्यांना दाखवत फिरतील.

मुलाला काय सांगायचं? त्याचा प्रश्न या सगळ्यात सर्वात चांगला आहे आणि त्याला खरं उत्तर मिळायला हवं. चौदाव्या वर्षी मुलांना ढोंगाचा वास आपल्याआधी येतो. त्याला शौलाची गोष्ट वाचायला द्या. मग सांगा: हे शब्द कुणाला तरी लागतात म्हणून मी ते लिहिले, आणि कुणाला तरी लागतात म्हणूनच तू ते बोलायचे नाहीत. कारण एकच आहे. तो लगेच म्हणेल की मित्रांमध्ये कुणाला लागत नाही. त्यावर माझ्याकडेही चपखल उत्तर नाही. 'च्यायला'वर मी वर काय लिहिलंय ते तो वाचणार नाही अशी आशा आहे. पण त्याला एक विचारा: तोच शब्द तो तुमच्यासमोर का गिळतो? त्याच्या आत कुठे तरी ठाऊक आहे म्हणूनच ना? आणि तिसरं प्रकरण त्याला आता देऊ नका. तो मागच्या मागे काढून वाचेलच. वाचल्यावर बोलायला तुम्ही घरात आहात, हे त्याला माहीत असू द्या.

राहिला शेवटचा प्रश्न, असलं साहित्य वाचावं का. रोमच्या मंडळीने निषिद्ध ग्रंथांची यादी 1559 पासून चालवली आणि 1966 मध्ये तिची सक्ती संपवली. चारशे वर्षं यादी ठेवूनही शेवटी निवडीचा भार वाचकाच्या सदसद्विवेकावरच आला. तुमच्यापुढे कुणी फिलिप्पै 4:8 ठेवील: जे जे शुद्ध, जे जे प्रशंसनीय, त्याचं मनन करा. ठेवू द्या. त्या यादीत पहिला शब्द 'सत्य' आहे. एखादं पुस्तक मिटल्यावर तुमच्या मनात कोण उरतं, यावर मी ठरवते. मार खाणारी उरली तर पुस्तक माझ्या कपाटात राहतं. मारणाऱ्याच्या दोन चुरचुरीत शिव्या उरल्या आणि त्या मला दिवसभर आठवून मजा वाटली, तर मी ते दुसऱ्या कुणाला वाचायला देत नाही. माणसागणिक हे बदलेल. माझी एक मैत्रीण दारूचं वर्णन असलेलं काहीही वाचत नाही. तिचं कारण तिला माहीत आहे आणि मी विचारत नाही.

जाता जाता एक. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात त्या बापाच्या बत्तीस शिव्यांचा हिशेब आहे, भावांचं वचन आहे, पतींचं, मैत्रिणीचं आणि मुलाचं म्हणणं आहे. ती बायको तिसऱ्या प्रकरणात काय बोलते, हे मात्र तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. ती बोलते ना?